गंगाजळी

१९७४ साली लग्न होऊन मी बेळगावला आले. पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारच्या अक्कांनी विचारले, ‘‘वैनी, तुमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यात म्हणे सोनं पुरून ठेवलंय. खरं काय ते?’’ अक्कांचे मराठी कानडी वळणाचे, माझे हिंदी वळणाचे. पण सोन्याचा विषय निघाला की भाषेवाचून काही अडत नाही. मी म्हटले, ‘‘किल्ल्यातलं मला ठाऊक नाही, अक्का. पण आमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन आम्ही दोनदा उकरलंय.’’

ते खोटे नव्हते. माझे माहेर ग्वाल्हेरच्या लष्करचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून बस्तान हलवून किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि नाव मात्र लष्करच राहिले. आपल्या वाड्याचा तिथे बाडा होतो. त्या गावात वाढणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, हिंदीतून भांडायचे कसे आणि शिंद्यांचा खजिना कुठे असेल याचे तर्क कसे करायचे. मी आणि माझा भाऊ, आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत उलथने घेऊन अंगण खणले. सापडले काय, तर फुटक्या सुरईचा गळा आणि काळी, जड, भोकाभोकांची एक ढेप. आजीने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, ‘‘ही लोखंडाची कीट. कधी काळी इथं भट्टी असेल. टाका ती बाहेर आणि हात धुवा.’’

ती ढेप आम्ही टाकून दिली. पुढे इतिहास शिकवताना, आणि अलीकडे माझ्या भाच्याच्या नोकरीमुळे, मला तिची वारंवार आठवण झाली. का, ते या लेखात सांगायचे आहे.

*

शिंद्यांच्या त्या खजिन्याचे नाव गंगाजळी. शब्द आपल्या घरातलाच आहे. काशीहून आणलेल्या गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू देवघरात असे; तो रोजच्या वापराचा नव्हे, अखेरच्या प्रसंगाचा. त्याचप्रमाणे राज्याचा जो पैसा नित्याच्या खर्चाला हात न लावता बाजूला ठेवायचा, ती गंगाजळी. आज वर्तमानपत्रे देशाच्या परकीय चलनाच्या साठ्याला हाच शब्द वापरतात.

ग्वाल्हेरच्या आसमंतात सोन्याची खाण कधीच नव्हती. मग हा पैसा आला कोठून? थोडा उत्तरेतल्या मोहिमांतून, महादजींच्या काळापासून. पण पुढच्या काळात मुख्य उगम दोन, शेतसारा आणि माळव्याची अफू. उज्जैन-मंदसोरच्या काळ्या जमिनीत पिकलेली अफू मुंबईमार्गे चीनला जाई आणि तिच्या बदल्यात चांदी येई. तेव्हा ग्वाल्हेरची खाण कुठे होती म्हणून कोणी विचारले, तर ती माळव्याच्या शेतकऱ्याच्या बांधावर होती असेच उत्तर द्यावे लागेल.

या पैशाची जाण असलेली एक बाई आपल्या भागातली होती, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला मला आवडते. बायजाबाई शिंदे म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची कन्या. १७९८ साली दौलतरावांशी लग्न होऊन ती गेली. १८२७ साली दौलतराव वारल्यावर १८३३पर्यंत तिने राज्यकारभार पाहिला. घोडा, तलवार यांच्या गोष्टी तिच्याविषयी सांगतात. पण तिचे खरे सामर्थ्य सावकारीत होते. उज्जैन आणि काशीला तिच्या पेढ्या चालत, आणि कंपनी सरकारलाही तिच्यापुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. निपाणीहून घटकाभराच्या वाटेवर असलेल्या कागलची मुलगी गंगेकाठी पेढी चालवत होती, आणि पैसा फिरता ठेवावा हे तिला कळत होते.

तिच्यानंतर मात्र पैसा पुन्हा भिंतीआड गेला. १८५८च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजेने ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. खजिन्याचे प्रमुख अमरचंद बांठिया यांनी खजिना या फौजेच्या हवाली केला आणि शिपायांचे पगार त्यातून भागले. महिना संपायच्या आत इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतले आणि २२ जूनला बांठियांना लष्करच्या सराफा बाजारात कडुनिंबाला फाशी दिले. त्या झाडाखालून आम्ही शाळेला जात असू. त्याच बाजारात पहाटे, दुकाने उघडण्याआधी, न्यारिये येत. सराफांच्या ओट्याखालची, गटारातली धूळ कुंच्याने गोळा करायची, परातीत पाण्याने खळबळून जड गाळ खाली बसू द्यायचा आणि त्यातून सोन्याचा कण वेगळा काढायचा, हा त्यांचा धंदा. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. ग्वाल्हेरात मी डोळ्यांनी पाहिलेले सोन्याचे खाणकाम एवढेच. आणि ते करणाऱ्याच्या अंगावर सोन्याचा मणीही कधी दिसला नाही.

*

आता १८८६ या सालाकडे येते. १८५८पासून इंग्रज फौज किल्ल्यावर बसलेली होती. त्याच किल्ल्याच्या पोटात गंगाजळीची तळघरे होती असे सांगतात, आणि वर कवायत करणाऱ्या गोऱ्यांना अठ्ठावीस वर्षे त्याचा पत्ता नव्हता, असेही सांगतात. १८८६ साली झाशीच्या बदल्यात इंग्रजांनी किल्ला परत दिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले. वारस माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. तळघरांची वाट सांगणारे बीजक मुलाच्या हाती पडण्याआधीच बाप गेला, ही ग्वाल्हेरची सर्वांत लाडकी कथा. त्यातले किती खरे आणि किती लष्करच्या ओसऱ्यांवर वाढलेले, याचा निवाडा मी करत नाही. एवढे नक्की, की राज्याजवळ मोठा पैसा होता. १८७२ साली आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी पंचाहत्तर लाख आणि पुढच्या वर्षी इंदूर-नीमच रेल्वेसाठी तितकेच रुपये दरबारने दिले होते.

नेमक्या त्याच १८८६ साली दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड नावाच्या माळावर सोन्याचा थर सापडला आणि त्या माळावर जोहान्सबर्ग उभे राहिले. आणि त्याच सुमारास आपल्याकडे, म्हैसूर राज्यात कोलारला, इंग्रजी कंपनीला खडकात सोन्याची श्रीमंत शीर लागली. एकीकडे पुरलेल्या सोन्याची वाट हरवली आणि दुसरीकडे जमिनीने दोन ठिकाणी दार उघडले.

कोलारचे सोने नवे नव्हते. १८०२ साली वॉरन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने गावकऱ्यांना माती धुऊन कण काढताना पाहिले होते. न्यूझीलंडचे सोने पाहून आलेल्या लव्हेल नावाच्या निवृत्त शिपायाने १८७०च्या दशकात म्हैसूर दरबारकडून परवाना मिळवला. १८८०मध्ये जॉन टेलर आणि सन्स ही लंडनची पेढी आली. जिथे जुन्या लोकांनी पाणी लागले म्हणून हात टेकले होते, तिथे वाफेचे पंप बसवून ते खाली गेले. बोलीभाषांकडे लक्ष असणाऱ्यांना सांगते, आपल्या शिवकालातला ‘होन’ हा शब्द कानडी ‘होन्नु’पासून आला, आणि होन्नु म्हणजे सोने. सोने कुठल्या बाजूचे हे आपल्या भाषेने केव्हाच मान्य केले आहे.

सोने सापडते तो काळपट-हिरवा, अतिप्राचीन खडकांचा पट्टा. त्यातल्या गारेच्या पांढऱ्या शिरांत ते असते. ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने या खडकांच्या समूहाला नाव दिले ‘धारवाड’. आणि जगातल्या पुस्तकांत ‘ग्वाल्हेर’ नावाचाही खडकांचा एक गट आहे. त्यात मुख्यतः लोह आणि लाल गारगोटी. म्हणजे माझ्या माहेरच्या नावाचा खडक लोखंडाचा आणि सासरच्या शेजारचा सोन्याचा. अंगणात सापडलेल्या त्या काळ्या ढेपेचा अर्थ मला बेळगावला आल्यावर लागला.

*

आमच्या घराचा आणि सोन्याच्या खाणीचा संबंध मात्र त्याआधीच येऊन गेला होता.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, दरबारच्या एका कचेरीत कारकून होते. १९३१ साली इंग्लंडने सोन्याचे चलन सोडले आणि तोळ्याला वीस-बावीस रुपये असलेला भाव पाहता पाहता तिशीच्या पुढे गेला. मंदीने गांजलेल्या खेड्यांतून बायकांच्या अंगावरचे सोने बाजारात आले आणि बोटी भरभरून विलायतेला गेले. त्या भाववाढीतच देशात सोन्याच्या खाणींचे नवे वारे सुटले. दक्षिणेतल्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी पुन्हा उघडायच्या, अशा एका कंपनीचे माहितीपत्रक अण्णांच्या हाती पडले. १९३४ साल असेल. आजीची पुतळ्यांची माळ विकून अण्णांनी शेअर घेतले. हिशेब सरळ होता. ‘‘तीस पुतळ्या गळ्यात बांधून ठेवण्यापेक्षा खाणीचा तुकडा घेतलेला काय वाईट?’’

खाणीतून काय निघाले ते कधी कळले नाही. दोन वर्षे छापील पत्रे आली, मग तीही थांबली. शेअरचा कागद मात्र सुरेख होता. वर डोंगर, डोंगरामागे उगवता सूर्य. अण्णांनी तो फेकला नाही. आजी त्याविषयी कधी बोलली नाही, पण सणाला गळा मोकळा ठेवून वावरायची, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त होते.

अण्णांची चूक काय झाली? त्यांनी विचारले, ‘तिथे सोने आहे का?’ आणि उत्तर मिळाले, ‘आहे.’ ते उत्तर खोटे नव्हते. सोने पुष्कळ ठिकाणी असते. वैनगंगेच्या वाळूत आहे. बालाघाट-भंडाऱ्याकडचे सोनझरी पिढ्यान्‌पिढ्या ती वाळू धुतात आणि दिवसाची मजुरी सुटली तर नशीब समजतात. प्रश्न विचारायचा तो वेगळा, एक टन दगड फोडला तर किती निघेल आणि तो दगड वर आणायला काय पडेल? चालू खाणीतही टनाला तीन ते पाच ग्रॅम हे काही वाईट प्रमाण नव्हे. तीन-पाच ग्रॅम म्हणजे वजनाने चहाच्या चमचाभर साखरेइतके. तेवढ्यासाठी बैलगाडीभर दगड सुरुंग लावून फोडायचा, वर खेचायचा, पिठासारखा दळायचा आणि सायनाइडच्या पाण्यात भिजत घालायचा. शीर वाटेत बारीक झाली, पाणी लागले, भाव पडला, की कागदावरचा सूर्य मावळला.

हे अण्णांपुरते नाही. १८८०च्या सुमारास वायनाडच्या कॉफीच्या डोंगरांत सोने आहे म्हणून लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या, आणि तीन-चार वर्षांत बहुतेक बुडाल्या. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरातही विसाव्या शतकाच्या आरंभी खाण उघडली आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. तो डोंगर २०१९ साली अभयारण्य झाला, आणि खाण नको म्हणणाऱ्यांत गदगचे लोक आणि तिथले मठ पुढे होते. २०१३ साली उत्तर प्रदेशात उन्नावजवळ एका साधूला पडलेल्या स्वप्नावरून हजार टन सोन्यासाठी सरकारी खात्याने खोदकाम केले, हाती आली खापरे. २०२० साली सोनभद्रला तीन हजार टन सोने सापडल्याची बातमी देशभर झाली. भूगर्भ सर्वेक्षण खात्याने खुलासा केला, तो एकशेसाठ किलोचा. तुळशीवृंदावन उकरणारे आम्ही दोघेच नव्हतो.

*

ज्या ठिकाणी सोने खरोखरच निघाले, तिथले चित्रही पाहायला हवे.

कोलारने एकशेवीस वर्षांत सुमारे आठशे टन सोने दिले. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथे खडक साठ अंशांच्या वर तापलेला. दाबाने खडक अचानक फुटे आणि माणसे जागीच गाडली जात. खाली उतरणारे बहुतेक तमिळ मुलखातले गरीब, त्यातही दलित मजूर. दगडाची धूळ फुप्फुसात भरून पुष्कळजण पन्नाशी पाहत नसत. सोने लंडनला जाई. म्हैसूरला मिळे ते स्वामित्वशुल्क. पण दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारभारात एक गोष्ट घडली. खाणीला वीज हवी म्हणून कावेरीवर शिवनसमुद्रला वीजकेंद्र बांधले गेले आणि १९०२ साली तिथून कोलारपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढल्या. तीन वर्षांनी त्याच विजेचे दिवे बेंगळुरात लागले. २८ फेब्रुवारी २००१ला खाण बंद झाली. सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर तिथे उरले. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते. सोने गेले, पण बेंगळुरातली वीज राहिली आणि तिच्या मागून आलेले कारखानेही.

आज देशात सोन्याची नाव घेण्याजोगी चालू खाण म्हणजे रायचूर जिल्ह्यातली हट्टी. मराठी कानाला गमतीचे वाटणारे हे नाव तिला शोभते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी तिथे शेकडो फूट खोल विवरे पाडली होती. आज तिथून वर्षाला दीड टनाच्या आसपास सोने निघते. आणि आपण, देशभरचे लोक, वर्षाला सात-आठशे टन घेतो. उरलेले येते कोठून?

याचे उत्तर माझ्या भाच्याकडे आहे. भावाचा मुलगा, धनबादला खाणकाम शिकला आणि घानात नोकरीला लागला. ज्याला इंग्रज ‘गोल्ड कोस्ट’ म्हणत तोच हा देश. आज सोन्याच्या उत्पादनात तो आफ्रिकेत पहिला आहे. वर्षाला शंभर टनांहून अधिक. एके काळी हा मान दक्षिण आफ्रिकेचा होता. १९७० साली त्यांनी एका वर्षात हजार टन सोने काढले. आज ते त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आले आहेत, कारण उरलेले सोने तीन-चार किलोमीटर खोल आहे. जोहान्सबर्गभोवती पिवळ्या मातीचे डोंगर आहेत, अगदी कोलारसारखे.

मागच्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘आत्या, इथं सोन्याला मरण नाही. घाना, माली, बुर्किना फासो, टांझानिया, जिकडे बघावं तिकडे खोदकाम. भाव असा आहे की काल सोडून दिलेला दगडही आज परवडतो.’’

मी विचारले, ‘‘तुझ्या खाणीच्या गावात शाळा आहे का रे?’’

‘‘आहे ना. कंपनीनेच बांधलीय. पण मोठी पोरं शाळेत कमी, नदीवर जास्त.’’

नदीवर म्हणजे विनापरवाना सोने धुवायला. तिकडे त्याला ‘गालामसे’ म्हणतात. गाळात पारा मिसळायचा, पाऱ्याने सोने धरले की तो उघड्यावर जाळून उडवायचा. प्रा, ऑफिन, अंकोब्रा या नद्यांचे पाणी त्याने चहासारखे झाले आहे. पोटासाठी नदी धुणारे सोनझरी, सराफ्यातले न्यारिये आणि ही घानाची पोरे यांच्यात मला फरक दिसला नाही. फक्त यांच्या परातीत विष आहे. आणि हेही खरे, की भारत घानाकडून जे विकत घेतो त्यात सर्वांत मोठा वाटा सोन्याचा. बेळगावच्या सराफाकडून दसऱ्याला घेतलेल्या बांगडीत त्या नदीचा कण नसेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

तेव्हा आफ्रिकेच्या सोन्याचे भवितव्य काय, असे कोणी मला विचारले तर मी इतिहासाची शिक्षिका म्हणून एवढेच सांगेन, जमिनीत किती आहे यावर ते ठरणार नाही. ते वर आल्यावर कोणत्या कामाला लागते, यावर ठरेल.

*

याचा दाखला ग्वाल्हेरनेच दिला आहे, आणि तो खजिन्याच्या गोष्टीपेक्षा मोठा आहे.

पोरके झालेले माधवराव १८९४ साली पूर्ण अधिकारावर आले. बीजक हरवलेले असो वा नसो, या राजाला पुरलेल्या पैशाचे प्रेम नव्हते. त्याने छोट्या रुळांची रेल्वे राज्यभर नेली, चिनी मातीचा, कातड्याचा कारखाना काढला, धरणे बांधली. सगळेच साधले असे नाही. १९१६ साली पुरे झालेले तिघऱ्याचे धरण दुसऱ्याच वर्षी फुटले आणि पुष्कळ माणसे गेली. पण ते पुन्हा बांधले गेले आणि ग्वाल्हेर आजही त्याचेच पाणी पिते.

जमशेदजी टाटा १९०४ साली वारले. लंडनच्या बाजाराने पोलादाच्या कारखान्याला पैसा दिला नाही, म्हणून १९०७ साली टाटांनी मुंबईत भांडवल उभे केले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी ते भरले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे, म्हणजे त्या काळच्या साठ लाख रुपयांचे कर्जरोखे काढावे लागले, ते सगळेच्या सगळे एकट्या माधवराव शिंद्यांनी घेतले. १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघाले. ज्या राज्याने सोने तळघरात ठेवले त्याच राज्याचा पैसा लोखंडात गेला, आणि तिथे त्याला काम मिळाले. माळव्याच्या शेतकऱ्याचा घाम त्या पैशात होता हे मी विसरत नाही. त्याला त्याचे व्याज मिळाले का, हा प्रश्न उरतोच.

१९९१ साली देशावरच ती वेळ आली. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. मे महिन्यात वीस टन सोने परदेशी विकले गेले आणि जुलैत सत्तेचाळीस टनांच्या आसपास सोने गहाण ठेवण्यासाठी विमानाने इंग्लंडला गेले. ‘गंगाजळी आटली’ असे मथळे आले. लोकांना फार लाज वाटली. आई तेव्हा माझ्याकडे बेळगावला होती. तिने पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, ‘‘लाज कसली त्यात? सोनं असतं कशाला? गहाण टाकावं, गरज भागवावी, जमलं तर सोडवावं.’’ देशाने ते त्याच वर्षी सोडवले. आईला मात्र तिचे सोडवता आले नव्हते, आणि हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते.

आजीची पुतळ्यांची माळ अण्णांच्या खाणीत गेली, पण तिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या उरल्या होत्या. त्या आईकडे आल्या. भावाच्या विषमज्वरात एकदा, छप्पर गळू लागले तेव्हा एकदा, अशा त्या दोनदा सराफाकडे जाऊन परत आल्या. तिसऱ्यांदा गेल्या १९७२ साली, माझ्या बी. एड.साठी. व्याज चढत गेले आणि त्या आल्याच नाहीत. रीतीने त्या माझ्या भावजयीच्या हातात पडायच्या होत्या. वहिनी तोंडाने कधी बोलल्या नाहीत. पण लग्नात सासूने सुनेच्या हातात पाटल्या चढवायची वेळ आली तेव्हा आईने काचेच्या हिरव्या बांगड्या भरल्या, आणि मी मान वर करू शकले नाही.

त्याच नोकरीवर मी बेळगावच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. वहिनींचा मुलगा दहावीला गणितात बसला, तेव्हा त्याला वर्षभर माझ्याकडे ठेवून घेतला. रात्री जेवणे झाली की स्वयंपाकघरात तो, मी आणि त्याची गणिते. पाटल्यांचा विचार तेव्हा माझ्या मनात होता की नव्हता, हे खरे सांगता येत नाही. असावा.

२०२५ साली सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेला, तेव्हा मी न राहवून वहिनींना फोन केला. म्हटले, ‘‘वहिनी, त्या पाटल्या असत्या तर आज चार लाखांच्या वर गेल्या असत्या. माझ्याकडून काही घ्या, मनाला बरं वाटेल.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या त्यांच्या ग्वाल्हेरी मराठीत म्हणाल्या, ‘‘ताई, हिशेब करायचा तर पूरा करा. पोराच्या एका वर्षाचे किती लावणार?’’ आणि विषय बदलून त्यांनी अनारशाच्या पिठाचे विचारले.

माझ्या कपाटात दोन कागद एकाच पाकिटात आहेत. एक अण्णांचा, डोंगर आणि सूर्याचा. दुसरी सराफाची पावती, शाई उडालेली, ‘पाटल्या जोड एक’ एवढेच वाचता येते. यंदा दिवाळीला भाचा येणार आहे. त्याला ते दोन्ही द्यायचे ठरवले आहे. त्याच्या खाणीच्या गावातली पोरे नदीवरून शाळेत आली का, तेही विचारायचे आहे.